कंपायलर चुकत नाही हे सिद्ध कसं करतात? लेरॉय, कॉम्पसर्ट आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी संशोधक वगैरे नाही. पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये जाणारं सॉफ्टवेअर लिहितो, पंधराएक वर्षं झाली. कॉम्पसर्ट नावाच्या कंपायलरचं (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा कोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) वेड लागलंय आणि त्याबद्दल मी चहाच्या टपरीवर पण बोलत असतो, त्यामुळे ऑफिसातली नवी पोरं, कॉलेजचे जुने मित्र, एकदा तर सासरे पण, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकलं.

हे लेरॉय कोण?

झेवियर लेरॉय. फ्रेंच लोक साधारण "ग्झाव्हिए लरवा" म्हणतात, पण आपण ते म्हणायला गेलो की समोरचा हसतो, म्हणून लेरॉयच. जन्म १९६८ चा, पीएचडी पॅरिसमध्ये, आणि आयुष्याचा मोठा भाग इन्रिया ह्या फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेत. ओकॅमल ही फंक्शनल, म्हणजे गणितासारख्या फंक्शनांनी प्रोग्रॅम रचणारी, भाषा ज्यांनी घडवली त्यातलं हे मुख्य नाव. आधी १९९० च्या सुमारास कॅमल लाइट, मग १९९६ मध्ये ऑब्जेक्टिव्ह कॅमल, त्याचंच आजचं नाव ओकॅमल. २००५ च्या आसपास त्यांनी कॉम्पसर्टचं काम हातात घेतलं, म्हणजे सी भाषेचा असा कंपायलर की जो अर्थ बदलत नाही याची गणिती सिद्धता सोबत येते. २०१८ पासून ते कॉलेज द फ्रान्समध्ये सॉफ्टवेअर विज्ञानाचे प्रोफेसर आहेत. ही संस्था १५३० सालची, इथे डिग्री मिळत नाही, फी नाही, नाव नोंदवायचं नाही, कुणीही जाऊन बसावं आणि लेक्चर ऐकावं. मला ही कल्पनाच भारी वाटते, आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालेसारखी, फक्त वर्षभर चालणारी आणि विषय टाइप थिअरी.

कंपायलर पण चुकतो? काहीही काय!

चुकतो. कॉलेजात आपल्याला शिकवलेलं असतं की "कंपायलरला दोष देऊ नकोस, चूक तुझीच आहे", आणि शंभरात नव्व्याण्णव वेळा ते खरंच असतं, पण उरलेल्या एका वेळेला कुंपणच शेत खातं आणि तेव्हा शोधायचं कुठे हेच कळत नाही, कारण सोर्स कोड, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम, कितीही वेळा वाचला तरी त्यात चूक नसतेच.

पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर यांच्या ग्रुपचं काम बघा. २००८ मध्ये त्यांनी तेरा व्यावसायिक दर्जाचे सी कंपायलर घेतले आणि व्होलटाइल व्हेरिएबल (ज्यांची किंमत बाहेरच्या हार्डवेअरमुळे कधीही बदलू शकते) ते नीट हाताळतात का हे तपासलं. तेराच्या तेरा कुठे ना कुठे चुकले. एम्बेडेडवाल्यांनी, म्हणजे माझ्यासारख्या यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी, हे वाक्य परत वाचा, कारण आपलं अर्धं आयुष्य व्होलटाइलवर चालतं. मग २०११ मध्ये त्याच ग्रुपने सीस्मिथ हे टूल मांडलं, जे आपोआप वेडेवाकडे पण नियमात बसणारे सी प्रोग्रॅम तयार करतं आणि वेगवेगळ्या कंपायलरना देतं, उत्तरं जुळली नाहीत की कुणीतरी चुकलंय. तीन वर्षांत ३२५ हून जास्त बग सापडले. ज्या ज्या कंपायलरला हात लावला तो प्रत्येक कधीतरी क्रॅश झाला आणि कधीतरी गुपचूप चुकीचा कोड देऊन मोकळा झाला. क्रॅश परवडला हो, निदान कळतं तरी. गुपचूपवाला जास्त वाईट.

मग अजून टेस्टिंग करायचं ना, सिद्धता कशाला?

करायचंच. पण शक्य असलेले प्रोग्रॅम अनंत आहेत आणि तुमची टेस्ट सूट कितीही मोठी असली तरी तिच्यात तुमचा उद्याचा प्रोग्रॅम नाहीये. टेस्ट सांगते की "ह्या दहा हजार प्रोग्रॅमवर बरोबर आलं". सिद्धता सांगते "सगळ्यांवर". फरक तोच, जो दहा त्रिकोण मोजून कोनांची बेरीज १८० येते म्हणण्यात आणि प्रमेय सिद्ध करण्यात आहे.

बरं, पण "कंपायलर बरोबर आहे" म्हणजे नक्की काय सिद्ध करतात?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच लोक सगळ्यात कमी विचारतात.

मराठी मीडियमवाल्यांना आठवत असेल, भूमितीत प्रमेय लिहायचं म्हणजे आधी आकृती, मग पक्ष, मग साध्य, कधी कधी रचना, आणि शेवटी सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलंय, साध्य म्हणजे जे दाखवायचंय. आमच्या बाई पक्ष लिहिला नाही तर सिद्धता बरोबर असली तरी अर्धे मार्क कापायच्या, तेव्हा राग यायचा. कॉम्पसर्टचं प्रमेय त्याच साच्यात लिहिता येतं:

पक्ष: कंपायलरने सोर्स प्रोग्रॅम घेऊन एरर न देता असेंब्ली कोड (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेतला) दिला. आणि सोर्स प्रोग्रॅमच्या वागण्यात कुठेही अनडिफाइन्ड बिहेवियर नाही, म्हणजे ॲरेच्या बाहेर लिहिणं, शून्याने भागणं, नल पॉइंटर उघडणं असले उद्योग नाहीत, ज्यांचं काय होईल हे सी सांगतच नाही.

साध्य: त्या असेंब्लीचं जे काही वागणं होईल ते सोर्स प्रोग्रॅमला मान्य असलेल्या वागण्यांपैकीच एक असेल.

"वागणं" म्हणजे बाहेरून दिसणारं: कुठलं इनपुट घेतलं, कुठलं आउटपुट दिलं, कुठलं व्होलटाइल वाचलं-लिहिलं, प्रोग्रॅम संपला की चालतच राहिला. आत कुठलं व्हेरिएबल कुठल्या रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या मोजक्या जागांपैकी एकीत) बसलं याच्याशी देणंघेणं नाही, तो कंपायलरचा घरचा मामला.

आता साध्यात "त्यांपैकी एक" का म्हटलंय? कारण सी भाषा काही गोष्टी मोकळ्या सोडते, उदाहरणार्थ बेरजेच्या दोन बाजूंपैकी आधी कुठली काढायची. दोन्ही बाजूंना फंक्शन कॉल असेल आणि दोघंही काहीतरी प्रिंट करत असतील तर दोन उत्तरं चालतात, कंपायलरने त्यातलं एक निवडायचं. निवडायची मुभा आहे, तिसरंच काहीतरी करायची नाही.

आणि पक्षात एक गंमत लपलीय बघा. "एरर न देता" असं म्हटलंय. म्हणजे जो कंपायलर प्रत्येक प्रोग्रॅमला "जमणार नाही" म्हणून हात वर करतो तो पण ह्या प्रमेयाप्रमाणे शंभर टक्के बरोबर! तो उपयोगाचा आहे की नाही हे प्रमेय सांगत नाही, ते वापरून बघायचं. एका ज्युनियरने हे स्वतःहून पकडलं होतं, त्या दिवशी त्याला वडापाव माझ्याकडून.

ही सिद्धता तपासतं कोण? हजार पानं कोण वाचणार?

माणूस नाही, मशीन. कोक नावाचा प्रूफ असिस्टंट आहे, तोही इन्रियातलाच. फ्रेंचमध्ये कोक म्हणजे कोंबडा, लोगो पण तसाच, इंग्रजीत मात्र त्या उच्चारावरून फार विनोद व्हायचे, आणि २०२५ पासून त्याचं नाव रॉक झालंय. मी जुनं नावच वापरतो, सवय. सिद्धतेची प्रत्येक पायरी तर्कशास्त्राच्या मोजक्या नियमांत बसते का हे त्याचा छोटासा गाभा तपासतो. "हे उघडच आहे" असं लिहून पुढे सरकता येत नाही. माझ्यासारख्याला हे फार अपमानास्पद वाटतं सुरुवातीला, कारण जे जे उघड वाटतं त्यातलं निम्मं उघड नसतं.

यात फंक्शनल प्रोग्रॅमिंग कुठून आलं? सी चा कंपायलर आहे ना?

सी *चा* आहे, सी *मध्ये* लिहिलेला नाही. कॉम्पसर्टचा मुख्य भाग कोकमध्येच लिहिलाय आणि कोकच्या आत जी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे ती शुद्ध फंक्शनल: फंक्शनला इनपुट दिलं की आउटपुट, मधल्या मध्ये कुठलं ग्लोबल व्हेरिएबल बदलणार नाही, तेच इनपुट दिलं तर तेच उत्तर, आज पण आणि उद्या पण. असं फंक्शन म्हणजे गणितातलं फंक्शनच, त्यामुळे त्याबद्दल प्रमेय मांडता येतं. मग कोक त्या फंक्शनचं ओकॅमलमध्ये रूपांतर करतो आणि ते ओकॅमलच्या कंपायलरमधून काढलं की चालणारा कॉम्पसर्ट हातात. ह्या माणसाने आधी भाषा घडवली, कोक त्याच कॅमल घराण्यात लिहिलेलं, त्या कोकमध्ये ह्यानेच कंपायलर लिहिला, आणि तो परत ओकॅमलमध्ये निघतो. घरचंच लग्न.

आणि ही नाती जुनी आहेत. १९६७ मध्ये जॉन मॅकार्थी आणि जेम्स पेंटर यांनी छोट्याशा गणिती राशींच्या कंपायलरची सिद्धता कागदावर केली. मॅकार्थी म्हणजे लिस्पवाले, ती पहिल्या फंक्शनल भाषांतली एक. १९७२ मध्ये रॉबिन मिलनर आणि रिचर्ड वेराउख यांनी कंपायलरची सिद्धता मशीनकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. पुढे एडिनबरोत मिलनरनी सिद्धता लिहायचं टूल बांधलं, त्याला आज्ञा द्यायला एक भाषा हवी होती म्हणून एमएल बनवली, आणि कॅमल ही त्या एमएलचीच पोर. म्हणजे ही भाषा जन्मली तीच सिद्धतेच्या घरात.

एखादं छोटं उदाहरण? फार हवेत चाललंय.

घ्या. भाषा अशी: एकतर संख्या, नाहीतर दोन राशींची बेरीज. बस. मशीन असं: एक स्टॅक आहे (एकावर एक रचलेली थप्पी), दोन आज्ञा, "ठेव" म्हणजे संख्या वर ठेव, आणि "जोड" म्हणजे वरच्या दोन काढ, बेरीज कर, परत ठेव.

कंपायलर लिहायला दोन ओळी. संख्या आली तर "ठेव" लिही. बेरीज आली तर डावीचा कोड, त्यामागे उजवीचा कोड, त्यामागे "जोड". २ अधिक ३ ला "ठेव २, ठेव ३, जोड" असं निघतं.

साध्य: रिकाम्या स्टॅकवर हा कोड चालवला तर शेवटी स्टॅकवर राशीची किंमत असेल, दुसरं काही नाही. उघड आहे ना? आता सिद्ध करायला घ्या. राशी लहान-लहान राशींपासून बनलीय म्हणून इंडक्शन, म्हणजे पुस्तकातलं गणिती विगमन: लहान राशींसाठी खरं आहे असं धरायचं, मोठीसाठी दाखवायचं. डावी राशी रिकाम्या स्टॅकवर चालली, झकास, धरलेलं वापरलं. आता उजवी चालणार, पण स्टॅकवर तर डावीची किंमत बसलीय! स्टॅक रिकामा नाही! आणि आपण धरलंय ते फक्त रिकाम्या स्टॅकबद्दल. घोडं इथे पेंड खातं.

उपाय म्हणजे प्रमेयच बदलायचं, आणि तेही सोपं करून नाही, *जास्त* दावा करून: स्टॅकवर आधी काहीही असो, आणि आपल्या कोडच्या पुढे कुठलाही कोड असो, आपला कोड संपल्यावर जुना स्टॅक जसाच्या तसा आणि त्यावर फक्त राशीची किंमत. आता धरलेली गोष्ट पण तेवढीच ताकदवान झाली, उजव्या बाजूला सहज लागू पडते, आणि रिकामा स्टॅक हे त्यातलंच एक उदाहरण. भूमितीतल्या "रचना"सारखं आहे हे, आकृतीत नसलेली एक रेषा काढली की सगळं सुटतं, पण ती रेषा कुठे काढायची हे सुचावं लागतं. (मॅकार्थी-पेंटर यांचं मशीन असं नव्हतं, एका ॲक्युम्युलेटरचं (हिशेब जिथे होतो ते एकच रजिस्टर) होतं, पण अडचणीची जात हीच.)

कॉम्पसर्टमधली बहुतेक मेहनत म्हणजे ह्याच युक्तीची शेकडो मोठी भावंडं.

सी सारख्या अवाढव्य भाषेला हे झेपतं कसं?

एका उडीत नाही. सी पासून असेंब्लीपर्यंत मध्ये आठ भाषा आहेत, क्लाइट, सी-मायनर, आरटीएल वगैरे, आणि प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलायची. एका ठिकाणी लूप मोडून जंप होतात, एका ठिकाणी अगणित काल्पनिक रजिस्टरांची मोजकी खरी होतात, एका ठिकाणी स्टॅक फ्रेम (फंक्शनला लागणारी मेमरीतली जागा) आखली जाते. प्रत्येक भाषेला अर्थ गणिताने दिलेला, प्रत्येक पायरीला स्वतःचं प्रमेय, आणि मग साखळी: अ चा अर्थ ब मध्ये टिकला, ब चा क मध्ये, म्हणून अ चा क मध्ये. एक आतली गोष्ट सांगतो, साध्य जरी "असेंब्ली जे करेल ते सोर्सला मान्य" असं उलट्या दिशेने असलं तरी बऱ्याच पायऱ्यांची सिद्धता सुलट दिशेनेच करतात, सोर्सने एक पाऊल टाकलं की खालचा प्रोग्रॅम एक किंवा जास्त पावलं टाकून गाठतो असं, आणि खालची भाषा डिटर्मिनिस्टिक (दर वेळी पुढचं पाऊल एकच) असल्यामुळे दिशा फिरवता येते. सुलट दिशा फार सोपी पडते.

सगळ्या ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड फास्ट करायच्या युक्त्यांची, सिद्धता लिहिलीय? रजिस्टर ॲलोकेशनची पण?

इथे त्यांनी लबाडी केलीय, आणि ती मला सगळ्यात आवडते.

शाळेचं टाइमटेबल आठवा. ते *बनवणं* म्हणजे डोक्याला ताप, जूनमध्ये हेडमास्तर दोन आठवडे त्यातच. पण बनलेलं टाइमटेबल *तपासणं*? एकच बाई एकाच तासाला दोन वर्गांवर तर नाहीत ना, एवढं बघायचं, पाचवीतलं पोरगं पण करेल. रजिस्टर ॲलोकेशन हे तेच: दोन व्हेरिएबल एकाच वेळी जिवंत (पुढे लागणारी) असतील तर एका रजिस्टरवर दोघांची ड्युटी लावायची नाही. वाटप शोधणारा अल्गोरिदम ग्राफ कलरिंगचा, भरपूर गुंतागुंतीचा, तो सरळ ओकॅमलमध्ये लिहिला, सिद्धता शून्य. त्याचं उत्तर आलं की एक छोटा तपासनीस ते तपासतो, आणि सिद्धता त्या तपासनीसाची: "हा हो म्हणाला तर वाटप बरोबर आहे". तो नाही म्हणाला तर कंपाइल थांबतं, चुकीचा कोड बाहेर जात नाही. पक्षातलं "एरर न देता" आठवलं का? ते इथे कामी येतं. ट्रान्सलेशन व्हॅलिडेशन म्हणतात याला, कल्पना १९९८ ची, आमिर प्नुएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

कोड स्लो असेल मग.

वाटतं तेवढा नाही. २००९ मधले आकडे, पॉवरपीसी ह्या प्रोसेसरवर: जीसीसी ह्या नेहमीच्या सी कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद असेल तर त्यापेक्षा दुपटीहून फास्ट, त्याच्या ओ-वन ह्या पहिल्या ऑप्टिमायझेशन पातळीपेक्षा सरासरी ७ टक्के स्लो, ओ-टू ह्या दुसऱ्या पातळीपेक्षा १२ टक्के. गेमिंगवाल्यांना १२ टक्के म्हणजे प्रलय. पण विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेच लोक ऑप्टिमायझेशन बंदच ठेवायचे, कारण निघालेली असेंब्ली सोर्सशी हाताने ताडून बघावी लागते, त्यांच्यासाठी हा सरळ सरळ फायदा.

किती मेहनत गेली?

२००९ पर्यंत ४२,००० ओळी कोक आणि साधारण तीन माणूस-वर्षं, पुढे ते वाढत एक लाखाच्या आसपास गेलं. त्या ४२,००० पैकी कंपायलर म्हणावा असा भाग १४ टक्के, भाषांचे अर्थ लिहिण्यात १० टक्के आणि उरलेली ७६ टक्के नुसती सिद्धता. म्हणजे एक ओळ काम आणि पाच ओळी "का बरोबर आहे". आमच्या मॅनेजरला हा आकडा सांगितला तर तो खुर्चीतच बसल्या बसल्या आजारी पडेल.

सीस्मिथने कॉम्पसर्टला पण धुतलं का?

हाच तर किस्सा आहे. सुरुवातीला त्यांना कॉम्पसर्टमध्ये पण बग सापडले! पण कुठे, ते बघा. काही होते फ्रंट एंडमध्ये, म्हणजे सी प्रोग्रॅम वाचून घेणाऱ्या सुरुवातीच्या भागात, जो तेव्हा सिद्धतेच्या बाहेर होता. आणि एक प्रकार भन्नाट होता: फंक्शनची स्टॅक फ्रेम खूप मोठी झाली की पॉवरपीसीच्या आज्ञेत जो १६ बिटचा आकडा बसतो त्यात न मावणारा आकडा लिहिला जायचा. सिद्धता चुकली होती? नाही. पॉवरपीसीचं जे गणिती वर्णन केलं होतं त्यात "हा आकडा १६ बिटांत मावला पाहिजे" ही अट लिहायचीच राहिली होती, ते काम असेंब्लर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम) करेल असं धरलेलं. आमच्या बाईंचे अर्धे मार्क आठवले.

मधल्या सगळ्या भागात, जिथे बाकीचे कंपायलर धडाधड पडत होते, तिथे काहीच सापडलं नाही. सुमारे सहा सीपीयू-वर्षं मशीन त्यावर झिजवून २०११ च्या सुरुवातीला त्यांनी लिहिलं की ज्यात चुकीचा कोड सापडत नाही असा आम्ही तपासलेल्यांत हा एकच. एखाद्या गणिती सिद्धतेला एवढ्या कंटाळवाण्या, मजुरी पद्धतीने मिळालेलं सर्टिफिकेट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पुढे २०१२ च्या सुमारास पार्सर, म्हणजे प्रोग्रॅमचं व्याकरण वाचणारा भाग, तोसुद्धा तपासनीस पद्धतीने सिद्धतेत आणला गेला.

म्हणजे कॉम्पसर्ट वापरला की माझा प्रोग्रॅम बगमुक्त?

नाही नाही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तुमच्या प्रोग्रॅममध्ये जे लिहिलंय तेच तो निष्ठेने खाली नेतो, चुकीसकट. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उडाल्यावर मिनिटाच्या आतच फुटलं, ६४ बिटचा फ्लोटिंग आकडा १६ बिटच्या पूर्णांकात कोंबल्यामुळे. तिथे कंपायलरचा काडीचा दोष नव्हता आणि कितीही सिद्ध केलेला कंपायलर दिला असता तरी रॉकेट फुटलंच असतं, फार तर सिद्धतेसकट फुटलं असतं.

माझा स्वतःचा किस्सा पण असाच लाजिरवाणा आहे. एका प्रोजेक्टमध्ये डीबग बिल्ड टेस्ट बेंचवर मस्त चालायचा आणि रिलीज बिल्डमध्ये एक सेफ्टी चेक असेंब्लीतून गायबच. मी चार दिवस कंपायलरला शिव्या घातल्या, व्हेंडरला तिखट मेल टाकला, सगळ्या टीमला सांगितलं की बघा मी म्हणत होतो ना. तो चेक मी असा लिहिला होता: आकड्यात शंभर मिळवून तो आधीपेक्षा लहान झाला तर ओव्हरफ्लो झालाय, म्हणजे आकडा जागेत मावला नाही, असं समज. साइन्ड (अधिक-उणे दोन्ही चालणाऱ्या) पूर्णांकात सी म्हणतं ओव्हरफ्लो हे अनडिफाइन्ड, म्हणून कंपायलर म्हणाला असं कधी होणारच नाही, आणि चेक उडवला. नियमाने त्याचं बरोबर. व्हेंडरचं उत्तर फार सभ्य होतं, त्यानेच जास्त लागलं. (कॉम्पसर्ट इथे जरा दयाळू आहे, साइन्ड ओव्हरफ्लो झाला तर आकडा गोल फिरतो असा अर्थ त्याने पक्का ठरवून टाकलाय.)

मग शेवटी विश्वास ठेवायचा तरी कशावर?

यादी आहे आणि ती लपवलेली नाही. सी चा आणि असेंब्लीचा गणिती अर्थ वास्तवाशी जुळतो यावर. कोकच्या गाभ्यावर. कोकमधून ओकॅमल काढणाऱ्या यंत्रणेवर, आणि ओकॅमलच्या कंपायलरवर, ज्याची अशी सिद्धता नाही. असेंब्लर आणि कोडचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरवर. आणि चिपवर. आधी विश्वास लाखो ओळींवर पसरलेला होता, आता तो बोटांवर मोजता येतो.

यातलं बरंच केकएमएल ह्या प्रोजेक्टने अजून आवळलंय. तो फंक्शनल भाषेचाच कंपायलर, एचओएल-फोर नावाच्या दुसऱ्या प्रूफ असिस्टंटमध्ये सिद्ध केलेला, थेट मशीन कोडपर्यंत, आणि त्याने स्वतःलाच कंपाइल केलंय, तेही लॉजिकच्या आत. युनिक्सवाले केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग अवॉर्डच्या भाषणात दाखवलं होतं की कंपायलरमध्ये असा चोरदरवाजा बसवता येतो की सोर्समध्ये त्याचा मागमूस नसतो. तो किस्सा माहीत असेल तर केकएमएलवाल्यांचा हट्ट समजतो.

खरंच कुणी वापरतं की नुसते पेपर?

जर्मनीची ॲबसिंट कंपनी तो विकते आणि सपोर्ट देते. एमटीयू ह्या जर्मन इंजिन कंपनीने अणुवीज केंद्रातल्या इमर्जन्सी डिझेल जनरेटरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरसाठी घेतला. संशोधन आणि शिक्षणासाठी फुकट आहे, सोर्ससकट, धंद्यासाठी लायसन्स लागतं. २०२१ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम अवॉर्ड लेरॉय आणि सहा सहकाऱ्यांना मिळाला, त्यात सांड्रिन ब्लाझी यांचं नाव आवर्जून सांगतो कारण बातम्यांत एकाच माणसाचा फोटो येतो.

लेरॉयनी लिनक्सवर पण काम केलंय म्हणे?

हो, लिनक्सवरची जुनी थ्रेड लायब्ररी (एका प्रोग्रॅममधली अनेक कामं एकाच वेळी चालवायला) लिनक्सथ्रेड्स त्यांनीच लिहिलेली. सिद्धतेशी काही संबंध नाही, पण प्रोफेसर लोकांना सिस्टिम कोड जमत नाही म्हणणाऱ्यांना दाखवायला बरी पडते.

आपल्याकडे असलं काही होतं का?

होतं, पण वेगळ्या बाजूने. आयआयटी बॉम्बेत उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी डेटा फ्लो ॲनालिसिसवर (प्रोग्रॅममध्ये कुठली किंमत कुठे पोचते याचा अभ्यास) मोठं काम केलंय, आणि जीसीसीचं पोट फाडून दाखवणाऱ्या खेडकरांच्या वर्कशॉपला जाऊन आलेले लोक पुण्यात मला भेटतात. पुण्यातच टीआरडीडीसी आहे, १९८१ पासूनची, टाटांची संशोधन संस्था, तिथे प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या चुका शोधणाऱ्या टूल्सवर काम झालं. आणि ओकॅमलबद्दल म्हणाल तर डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५ मधलं मल्टिकोर, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोसेसर कोर वापरणं, ते वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन आहेत. कंपायलरची पूर्ण सिद्धता असं मोठं काम मात्र आपल्याकडे व्हायला हवं असं मला वाटतं, तीन माणूस-वर्षं म्हणजे काही चांद्रयान नाही.

गणित कच्चं आहे, जमेल का?

कॅल्क्युलस लागत नाही. विगमन लागतं, आणि चिकाटी. इंटिग्रेशनमध्ये नापास झालेला माणूस हे लिहितोय.

सुरुवात कुठून करू?

आधी ओकॅमल टाका आणि महिनाभर फक्त त्यातच लिहा, लूप न वापरता. मग रॉक. लेरॉयची कॉलेज द फ्रान्समधली लेक्चर्स व्हिडिओसकट मोफत आहेत, फ्रेंचमध्ये आहेत, पण २०१९-२० चा कोर्स नेमका ह्याच विषयावर होता आणि त्याचा कोक कोड पण खुला ठेवलाय, कोडला फ्रेंच येत नसलं तरी चालतं.

आणि पहिलं काम म्हणून वरचा बेरजेचा कंपायलरच करा, दुसऱ्याचं उत्तर न बघता. रिकाम्या स्टॅकवर अडाल, उत्तर वर सांगितलंय तरी अडाल, मी दोन संध्याकाळी अडलो होतो. ते सुटलं की वजाबाकी घाला. मी घातली तेव्हा मशीनमध्ये वरून काढलेल्या दोन आकड्यांचा क्रम उलटा लिहिला होता. टेस्ट घेतली होती ५ वजा ५ ची, ती पास झाली. सिद्धता मात्र हटून बसली, आणि मी रात्री साडेबारापर्यंत कोकमध्येच बग आहे असं म्हणत होतो.